दवाखान्याची घडी बसविण्याची विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर येथे पाककृतींवर, काटकसरीवर, व्रतवैकल्यांवर बोलणे झाले. माझा आजचा विषय थोडा निराळा आहे, आणि तो का निवडला हे आधीच सांगून टाकते. मंडळाच्या शिक्षण-निधीकडे या खेपेस तीन अर्ज आले आहेत. दोघींच्या अर्जाविषयी कोणाची हरकत नाही. तिसरा अर्ज आपल्याच एका वाडीतल्या मुलीचा आहे. ती नर्सिंगची पदवी घेऊन बसली आहे. आता तिला रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावयाचा आहे, आणि पुढे त्याच विषयात डॉक्टरेट मिळवून प्राध्यापिका व्हावयाचे आहे. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा अर्ज वाचला तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, "म्हणजे ती डॉक्टर नाही, आणि नर्सही राहणार नाही. मग ती करणार तरी काय?"

प्रश्न रास्त होता. बैठकीत कोणालाच त्याचे धड उत्तर देता आले नाही, मलाही नाही. म्हणून मी त्या मुलीला चार-पाच दुपारी घरी बोलाविले. ती आपली पुस्तके घेऊन आली, वाचून दाखवीत गेली, आणि मी वहीत टिपून घेतले. आज बोलणार आहे ते त्या वहीतले.

आधी आपल्या घरातली गोष्ट घेऊ. घरात लग्न निघाले की यादी होते. ज्या काकूंनी चाळीस लग्ने उभी केली, त्याही यादीवाचून बस्त्याला निघत नाहीत. काकूंना काही येत नाही म्हणून का ही यादी असते? त्यांना सगळे येते. पण अंतरपाट धरायची वेळ आली, आणि अक्षता कोणाकडे आहेत हेच कोणाला ठाऊक नाही, असा प्रसंग हुशार माणसांच्याच घरी येतो. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. लग्नात अशा वेळी हसू होते, फार तर रुसवेफुगवे होतात. दवाखान्यात मात्र जीव जातो.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. रुग्णालयाचे नाव मी घेत नाही, आणि घेण्याचे कारणही नाही. डॉक्टर नावाजलेले होते, सिस्टर प्रेमळ होत्या. टेबलावर घेतल्यावर रक्तस्राव सुरू झाला, आणि तेव्हा कळले की रक्त मागवलेलेच नाही. डॉक्टरांना वाटले सिस्टरने सांगितले असेल. सिस्टरला वाटले भुलीच्या डॉक्टरांनी सांगितले असेल. आणि आमच्या माणसांना तर कोणी काही विचारलेच नव्हते. भावोजी भर पावसात मोटारसायकलवरून पुण्याला रक्तपेढीत गेले. चांदणी चौकात वाहने अडकलेली. ते परत येईपर्यंत अडीच तास गेले. जाऊबाई वाचल्या, ही देवाची कृपा. पण पुढे वर्षभर त्यांना अंगणातून विहिरीपर्यंत जाणे होत नव्हते. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला होता. चूक कोणाची म्हणावी? बोट दाखवावे असे एकही माणूस तेथे नव्हते. त्या मुलीने मला सांगितले की नेमका हाच प्रश्न घेऊन तिची विद्या जन्माला आली आहे.

या विद्येत जगभर ज्यांचे नाव घेतात असे एक प्राध्यापक मूळचे आपल्या महाराष्ट्रातल्या घराण्यातले आहेत, हे ऐकून मला मोठे नवल वाटले. डॉ. अतुल गावंडे हे त्यांचे नाव. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तेथले शेतकरी सीताराम गावंडे हे त्यांचे आजोबा. हे आजोबा एकशेदहा वर्षांच्या घरात पोहोचेपर्यंत जगले, आणि म्हातारपणीही रात्री घोड्यावर बसून आपली शेते स्वतः पाहून येत, असे नातवाने आपल्या पुस्तकात लिहिले आहे. (गडी विश्वासू असला तरी बांधावर मालकाचे पाऊल पडले पाहिजे, हे आपल्याकडचे शेतकरीही जाणतात.) सीतारामांचे चिरंजीव आत्माराम डॉक्टर झाले, अमेरिकेत गेले, तेथेच ओहायो प्रांतातल्या अथेन्स नावाच्या लहान गावात स्थायिक झाले. पण गाव विसरले नाहीत. त्यांच्या आईच्या नावाचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय आज उमरखेडला उभे आहे. आत्मारामांच्या पत्नी सुशीलाबाई गुजरातच्या, त्याही मुलांच्या डॉक्टर.

अतुल यांचा जन्म 1965 सालचा, न्यूयॉर्कचा. त्यांनी आधी इंग्लंडात ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान आणि राजकारणाचा अभ्यास केला, मग 1995 साली हार्वर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि ते शस्त्रक्रियेचे डॉक्टर झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल पुढचे आहे. त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन 1999 साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. नंतर ते बोस्टनच्या रुग्णालयात ऑपरेशनेही करीत, आणि हार्वर्डमध्ये आरोग्याची धोरणे आणि व्यवस्थापन शिकवीतही. 2012 साली त्यांनी तेथे एक संशोधन-संस्था काढली, आणि 2022 ते 2025 या काळात अमेरिकन सरकारच्या परदेशांतील आरोग्यकार्याचा मोठा भाग त्यांच्या हाती होता.

त्यांचे नाव झाले ते मात्र एका पानाच्या यादीमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडे काम सोपविले होते की ऑपरेशनात होणारे मृत्यू जगभर कमी होतील असे काही स्वस्त साधन शोधा. नवे यंत्र सुचविले तर गरीब देशांना परवडणार नाही. नुसती शिकवणी दिली तर चार दिवसांत विरून जाते. तेव्हा त्यांनी विमानवाल्यांकडे पाहिले. 1935 साली अमेरिकेत एका नव्या मोठ्या लष्करी विमानाची चाचणी होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. विमान उडाले आणि लगेच कोसळले. पाचांपैकी दोघे गेले, त्यांत वैमानिकही होता. चौकशीत निघाले की विमान जमिनीवर उभे असताना शेपटाचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जो अडसर लावतात, तो काढावयाचा राहिला होता. यावर वैमानिकाला आणखी शिकवा असे कोणी म्हटले नाही, कारण त्याच्याइतका शिकलेला दुसरा नव्हताच. त्यांनी एक छोटी यादी केली. उडण्यापूर्वी एकाने मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने पाहून हो म्हणावयाचे. तेच विमान पुढे हजारोंनी उडाले.

याच धर्तीवर गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनची यादी तयार केली. तीत एकोणीस गोष्टी आहेत आणि तीन थांबे आहेत. पहिला थांबा भूल देण्यापूर्वी, दुसरा सुरी लावण्यापूर्वी, तिसरा रोग्याला खोलीबाहेर नेण्यापूर्वी. रोगी तोच आहे ना, ऑपरेशन त्याच बाजूचे आहे ना, एखाद्या औषधाचे वावडे आहे का, रक्त फार जाण्याचा संभव आहे का आणि असल्यास तयारी आहे का, जंतू मारण्याचे औषध वेळेत दिले का, शेवटी बोळे आणि सुया मोजून बरोबर भरल्या का. भगिनींनो, रक्ताच्या तयारीची ओळ त्या मुलीने वाचली तेव्हा मी तिला ती पुन्हा वाचावयास लावली. एवढीशी ओळ! माझ्या जाऊबाईंच्या वेळी ती कोणी मोठ्याने वाचली असती, तर भावोजींना त्या पावसात धावावे लागले नसते.

या यादीत आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटली. सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे. मोठ्या डॉक्टरांनीही सांगावयाचे, आणि कोपऱ्यातल्या सिस्टरनेही. कारण जिने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, ती पुढे "थांबा, हे राहिले" असे म्हणावयास कचरत नाही. आपल्या घरांतूनही नवी सून पहिले सहा महिने बोलत नाही, आणि दूध उतू जाताना दिसले तरी सासूबाईंच्या कामात तोंड कसे घालावे म्हणून गप्प राहते. तिला बोलती करणे हेही व्यवस्थापनच आहे.

ही यादी खरोखर उपयोगी पडते का, हे त्यांनी मोजून पाहिले. दिल्ली, मनिला, लंडन, सिॲटल, टांझानियातले एक गाव, अशा आठ ठिकाणची आठ रुग्णालये घेतली. यादीपूर्वीचे सुमारे 3,700 रोगी आणि यादीनंतरचे सुमारे 3,900 रोगी यांची नोंद ठेवली. 2009 सालच्या जानेवारीत निष्कर्ष छापून आला. पूर्वी शंभरांत अकरा जणांना ऑपरेशननंतर मोठा त्रास होत होता, तो सातांवर आला. मृत्यू शंभरी दीड होते, ते पाऊण टक्क्याच्या आसपास आले. मौजेची गोष्ट अशी की यादीमुळे वेळ जातो अशी कुरकुर करणारे डॉक्टर पुष्कळ होते. पण "तुमचे स्वतःचे ऑपरेशन असेल तर यादी वाचलेली हवी का?" असे विचारल्यावर शंभरांतल्या त्र्याण्णवांनी हो म्हटले!

येथे थांबले असते तर ही कीर्तनातली गोष्ट झाली असती. पण त्या मुलीने मला पुढचे पानही वाचून दाखविले, आणि ते दाखविले म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. गावंडे यांच्या संस्थेने बाळंतपणासाठीही तशीच यादी घेऊन उत्तर प्रदेशात फार मोठे काम केले. 120 सरकारी आरोग्य केंद्रे, चोवीस जिल्हे, दीड लाखावर बाळंतपणे. निम्म्या केंद्रांत यादी दिली आणि ती वापरण्यास मदत करणारी शिकाऊ नव्हे, चांगली जाणती माणसे महिनोन्महिने पाठविली. निम्म्या केंद्रांत नेहमीसारखे चालू दिले. यादी असलेल्या ठिकाणी करावयाच्या गोष्टी दोन महिन्यांनी शंभरांत बहात्तर-त्र्याहत्तर होऊ लागल्या, इतरत्र बेचाळीस. म्हणजे काम सुधारले. पण मदतीची माणसे कमी होत गेली तसा तो आकडा वर्षाने बासष्टांवर घसरला. आणि आई-बाळांचे मृत्यू? ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले. 2017 साली त्यांनी हे जसेच्या तसे छापले. लपविले नाही.

असे का झाले यावर विद्वानांत चर्चा झाली आहे. मला आपले साधे दिसते ते सांगते. हात धुतले, बाळाला वेळेवर अंगावर घेतले, सगळे केले. पण बाळ अडले तर सिझेरियन कोण करणार, रक्त कोठून येणार, मोठ्या रुग्णालयापर्यंत किती तास? यादीत पाणी भरून येत नाही. यादी फक्त विचारते, पाणी भरले का? आपल्या मुळशीत हे कोणाला समजावून सांगावयास नको. 1921 साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच्या पाण्याने गावे तर बुडालीच, पण उरलेल्या वाड्या पाण्यापलीकडे दूर पडल्या. ताम्हिणीकडे पाऊस लागला की तिकडच्या बाळंतिणीला रस्ता म्हणजेच पहिले संकट. 2014 पासून 108 क्रमांकाची गाडी येते हा मोठा आधार झाला, पण गाडीलाही घाट चढूनच यावे लागते.

तर मग रुग्णालय दूर असेल तेथे काय करावयाचे? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत शोधले गेले, आणि तेही प्राध्यापकी शिस्तीने. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य नागपूरला डॉक्टर झाले. 1984 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि तेथे न राहता गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. राणीताईंनी दोन खेड्यांतल्या 650 बायकांची तपासणी केली. शंभरांत ब्याण्णव जणींना स्त्रियांचा काही ना काही रोग निघाला, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या शंभरांत आठच होत्या. 1989 साली हे विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापले तेव्हा जगाला कळले की खेड्यातली बाई बाळंतपणापलीकडेही आजारी असते. आपल्याला ते ठाऊकच होते म्हणा! पण आपण सांगितले तर ती कुरबूर ठरते, आणि मोजून लिहिले तर पुरावा होतो.

बाळांच्या न्यूमोनियाची गोष्ट मला फार आवडली. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे मिनिटाला श्वास किती यावरून समजते. पण ज्या बाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? बंगांनी एक पाटी केली. तीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. हिरवे मणी संपून लाल मण्यावर हात आला आणि वाळू अजून सरली नसेल, तर बाळाला औषध हवे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची ओळ निराळी. अक्षरओळख नसलेल्या दाईच्या हातातही ही पाटी नीट चालली.

पुढे त्यांनी एकूणचाळीस गावांत आपल्यासारख्याच सातवी-आठवी शिकलेल्या बायका निवडून त्यांना नवजात बाळाची काळजी शिकविली. वजन करणे, ऊब देणे, दूध ओढते का पाहणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, वेळ पडल्यास इंजेक्शन देणे. सुरुवातीला जन्मलेल्या हजार बाळांपैकी बासष्ट बाळे पहिल्या महिन्यात जात होती. 1997-98 पर्यंत ती संख्या पंचवीस-सव्वीसवर आली. शेजारच्या, नेहमीसारख्या चाललेल्या गावांत ती साठाच्या आसपासच राहिली. 1999 साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आले. 2011 साली भारत सरकारने हीच रीत देशभर आशाताईंकडे दिली. आपल्याकडे दवाखान्यात बाळंत झालेली मुलगी घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या याच संशोधनामुळे. "पुन्हा आली वजनकाटा घेऊन" असे म्हणणाऱ्या आजीबाई आपल्याकडे आहेत. त्यांनी एवढे ऐकून ठेवावे.

आता या विद्येचे व्याकरण थोडक्यात. अवेदिस डोनाबेडियन नावाचे एक आर्मेनियन डॉक्टर होते. जन्म 1919, बेरुतचा; पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1966 साली त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला. त्यात दवाखाना चांगला की वाईट हे तीन अंगांनी पाहावे असे सांगितले: साधने काय आहेत, काम कसे होते, आणि शेवटी रोग्याचे काय झाले. आपल्या भाषेत बोलायचे तर चूल-तवा-पीठ हे एक, मळणे-थापणे-भाजणे हे दुसरे, आणि पानात पडलेली भाकरी हे तिसरे. नुसता नवा तवा आणून भाकरी चांगली होत नाही. पण आपल्याकडे दवाखान्याची इमारत झाली, फीत कापली, की काम झाले असे धरतात! हेच डोनाबेडियन आयुष्याच्या अखेरीस कर्करोगाने आजारी होऊन स्वतः खाटेवर पडले, आणि खाटेवरून व्यवस्था कशी दिसते हे त्यांनी स्पष्ट सांगितले. 2000 साली ते वारले.

मोजण्याचे महत्त्व त्याहून जुने आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली डॉक्टरांच्या विभागात शंभरांत अकरांहून अधिक बाळंतिणी तापाने मरत, सुइणींच्या विभागात तीनही नाही. बायका हात जोडून सुइणींकडे घाला म्हणत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने हिशोब लावला. डॉक्टर मृतदेहांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येत. 1847 पासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि पुढच्या वर्षी दोन्ही विभाग सारखे झाले, शंभरी एकाच्या जवळपास. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही, आणि 1865 साली तो वेड्यांच्या रुग्णालयात मेला. खरे सापडणे एक आणि लोकांकडून ते करवून घेणे दुसरे. हे दुसरे शिकविणारी पीठे आता झाली आहेत.

ती फार दूर नाहीत. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय-प्रशासन शिकवितात. आणि आपल्या तालुक्यात, लवळ्याच्या टेकडीवर, डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी 1971 साली पुण्यात सुरू केलेल्या सिंबायोसिसचे विद्यापीठ आहे. तेथे 2020 साली केवळ मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, रुग्णालय आहे, आणि त्या विद्यापीठात रुग्णालय-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही आहे. टेकडीवरचे दिवे आपण रोज पाहतो. आपल्या वाडीची एखादी मुलगी तेथे शिकावयास जावी यात नवल ते काय? शिकल्यावर ती काय करील, हा मूळ प्रश्न. ऑपरेशनच्या खोलीतली यादी खरोखर वाचली जाते की नुसत्या खुणा करतात, बाळंतिणीला खाट मिळण्यास किती वेळ लागतो, औषध संपण्याआधी मागणी जाते की संपल्यावर, कोणत्या कारणाने किती माणसे पुन्हा दाखल होतात, हे ती मोजील, सुधारील, आणि प्राध्यापिका झाली तर दरसाल साठ जणांना ते करावयास शिकवील. सरकारलाही आता अशी माणसे लागतात. 2013 पासून सरकारी रुग्णालयांसाठी गुणवत्तेची राष्ट्रीय मानके आहेत. बाहेरचे परीक्षक येऊन गुण देतात आणि सत्तर टक्क्यांच्या वर गेल्यास प्रमाणपत्र मिळते. 2015 पासून स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' पारितोषिक आहे, 2017 साली प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' योजना आली.

फीविषयी बोलले पाहिजे. खाजगी विद्यापीठाची फी जड असते आणि आपला निधी पापड-मसाल्यांतून उभा राहिलेला आहे. सगळी फी आपल्याच्याने होणार नाही, आणि तशी तिची मागणीही नाही. पहिल्या वर्षाची पुस्तके, बसचा पास आणि प्रवेशपरीक्षेची रक्कम एवढेच तिने मागितले आहे. उरलेल्यासाठी तिचे वडील बँकेकडे अर्ज करीत आहेत. आणखी एक गोष्ट कानावर आली की, "उद्या लग्न होऊन गेली तर पैसे वाया." मला हे पटत नाही. सून होऊन ती जेथे जाईल तेथेही दवाखाना असेलच, आणि तेथल्या बायका काही परक्या नाहीत. लग्न होऊन येथे आलेल्या आपण सगळ्याजणी दुसऱ्याच कोणत्या तरी गावच्या निधीवर, दुसऱ्याच गावच्या शाळेत शिकलो आहोत. आपण या गावाला उपयोगी पडलो की नाही?

माझी सूचना अशी की, रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, आणि अट एकच घालावी. सुटीत तिने आपल्या सभासदांना बरोबर घेऊन पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात जावे, तेथील डॉक्टरांची रीतसर परवानगी घेऊन. दोष काढण्यासाठी जावयाचे नाही. तेथली माणसे किती अडचणीत काम करतात हे आपण पाहतोच. प्रसूतिगृहात हात धुण्याला पाणी चोवीस तास आहे का, बाळाला ऊब देण्याचे यंत्र चालू आहे का, वीज गेली तर काय करतात, रक्त लागल्यास कोणाला फोन जातो आणि तो नंबर भिंतीवर लिहिलेला आहे का, एवढे विचारावयाचे आणि वहीत लिहून आणावयाचे. जे कमी असेल त्याचा अर्ज मंडळाच्या सहीशिक्क्याने पंचायत समितीकडे जाईल. नळाला तोटी नसेल तर ती आपणच बसवू. तेवढी शिल्लक मंडळाकडे आहे.

पहिली खेप श्रावणातले मंगळागौरीचे खेळ आटोपल्यावर काढावी, असे चिटणीसबाईंशी बोलणे झाले आहे. आठ जणींची नावे हवीत. वही मी आणीन.